नगरपालिकेची कार्यक्रमपत्रिका आणि आपण

(महोत्सवी सभेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



महोत्सवाच्या व्यासपीठावरून काहीतरी भारदस्त बोलावे अशी आपल्याकडे रीत आहे. धर्म, संस्कृती, समाजाची उन्नती असे विषय अशा दिवशी शोभून दिसतात. आम्ही मात्र आज एका साध्या कागदाविषयी बोलणार आहोत. तो कागद म्हणजे नगरपालिकेच्या मासिक सभेची कार्यक्रमपत्रिका. मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे, गेल्या महिन्याचा जमाखर्च नोंदीस घेणे, अमुक गल्लीतील मोरीची दुरुस्ती, तमुक चौकातील दिवा, बाजाराचा लिलाव, पाण्याच्या पंपाचा खर्च, अशी कलमे तीत एकाखाली एक मांडलेली असतात. वाचणाऱ्यास जांभई यावी असाच तो मजकूर. तरी आमचे म्हणणे असे की, आपल्या घरातल्या रोजच्या सुखदुःखाचा जेवढा संबंध या कागदाशी आहे, तेवढा दिल्ली-हैदराबादच्या पुष्कळशा भाषणांशी नाही. आदिलाबाद जिल्ह्यातल्या मराठी माणसाने तो वाचावयाचे सोडले, तर त्याचे होणारे नुकसान दुसरे कोणी भरून देणार नाही.

संस्थेच्या उत्सवात हा विषय कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्या संस्थेच्याच दप्तरात आहे. आपल्या न्यासाचा कारभार कसा चालतो हे आपण सर्व जाणता. सभेची नोटीस निघते, गणसंख्या पाहिली जाते, मागचे इतिवृत्त वाचून कायम होते, पैशाचा हिशेब मांडला जातो आणि वर्षाअखेर हिशेबतपासनीस तो तपासतो. अकरा रुपयांच्या देणगीलाही पावती फाडली जाते. हे सारे कशासाठी? दुसऱ्याने विश्वासाने दिलेला पैसा आपल्या हाती आहे, म्हणून. नगरपालिका हाही एक न्यासच आहे. फरक एवढाच की, येथे देणगी खुशीची असते आणि तेथे पट्टी सक्तीची असते. खुशीने दिलेल्या अकरा रुपयांचा हिशेब आपण डोळ्यांत तेल घालून पाहतो आणि सक्तीने भरलेल्या हजार रुपयांचा हिशेब कधी विचारीत नाही, ही मोठी नवलाची गोष्ट आहे.

ही सवय आपल्यास का लागली, त्याला थोडा इतिहास आहे. निजामाच्या राज्यात १८८० नंतरच्या दशकात जमीनमहसुलाच्या रुपयामागे एक आणा लोकल फंड बसविण्यात आला आणि त्यावर जिल्हा व तालुका बोर्डे निघाली. पण जिल्ह्याच्या बोर्डावर अव्वल तालुकदार बसे आणि तालुक्याच्या बोर्डावर तहसीलदार. रयतेने आणा द्यावा आणि साहेबाने तो खर्चावा, असा प्रकार होता. पैनगंगेच्या पलीकडे वऱ्हाडात, लॉर्ड रिपनच्या १८८२ च्या ठरावानंतर, निवडून दिलेल्या सभासदांची प्रथा हळूहळू रुळत गेली. नदीच्या अलीकडे लोकांस तो सराव मिळाला नाही. १९०५ साली आदिलाबाद हा स्वतंत्र जिल्हा झाला तरी या बाबतीत फारसे पालटले नाही. १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले, १९५१ साली नगरपालिका व टाउन कमिट्यांचा कायदा आला आणि १९५२ साली आदिलाबादेत नगरपालिका स्थापन झाली. आजही आपल्यातील वडीलधारी मंडळी तिला बल्दिया म्हणतात. शब्द जुना राहिला, पण मालक बदलला. बल्दिया साहेबाची होती ती मतदाराची झाली.

मग आले १९५६ साल. १ नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना झाली. किनवट आणि राजुरा हे तालुके व बोथ तालुक्यातील इस्लापूर मंडळ मुंबई राज्यात गेले. बाकीचा जिल्हा आंध्र प्रदेशात राहिला. आपल्यापैकी पुष्कळांची सोयरीक नदीपलीकडे गेली आणि कचेरी नदीअलीकडे राहिली. कचेरीची भाषा पूर्वी उर्दू होती, ती पुढे तेलुगू झाली. मराठी ही घरची, भजनाची आणि बाजाराची भाषा म्हणून टिकली, परंतु दप्तराची भाषा ती या भागात नव्हती आणि पुढेही झाली नाही. २ जून २०१४ रोजी तेलंगण राज्य झाले. ११ ऑक्टोबर २०१६ रोजी जुन्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले आणि निर्मळ, भैंसा, मुधोळ हा भाग निर्मळ जिल्ह्यात गेला. सरहद्दी अशा वेळोवेळी हलल्या, पण घरासमोरची मोरी होती तेथेच आहे. ती कोणी उपसावयाची, हा प्रश्नही तोच आहे.

आता त्या कागदाकडे वळू. नगरपालिकेने महिन्याला निदान एक सभा भरवावी असा दंडक आहे. सभेच्या आधी सभासदांकडे कार्यक्रमपत्रिका जाते. तिच्यातले पहिले कलम बहुधा मागील इतिवृत्त कायम करण्याचे असते आणि बहुतेक ठिकाणी ते अर्ध्या मिनिटात उरकले जाते. आमच्या मते सर्वांत महत्त्वाचे कलम हेच. मागच्या सभेत कोण काय बोलले, कोणी विरोध केला, ठराव नेमका कोणत्या शब्दांत झाला, हे येथे कायमचे ठरते. तोंडी आश्वासन सभागृहाच्या दाराबाहेर विरून जाते आणि इतिवृत्तातले वाक्य वीस वर्षांनीही कोर्टात उभे राहते.

दुसरे कलम जमाखर्चाचे. आपल्याकडे घरपट्टी दोन सहामाहींत बसते, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. २०१९ च्या तेलंगण नगरपालिका कायद्याने घरमालकाने आपल्या घराचे मोजमाप स्वतःच जाहीर करून पट्टी ठरवून घ्यावी अशी तरतूद केली आहे. त्याच कायद्याने अंदाजपत्रकातील दहावा हिस्सा झाडे लावणे व जगविणे यांसाठी राखून ठेवावयास सांगितले आहे. म्हणजे शंभर रुपये खर्चले तर त्यांतले दहा रुपये झाडांच्या नावे पडतात. आपल्या वॉर्डात या दहा रुपयांचे झाड कोठे आहे, हे विचारण्यास विद्वत्ता लागत नाही. डोळे उघडे ठेवून गल्लीतून एक फेरी मारली म्हणजे पुरे.

हिशेबाच्या कलमावर तोंड उघडणे ही आपल्या मराठी परंपरेतली गोष्ट आहे. १८७६ पासून काही वर्षे जोतीराव फुले पुण्याच्या नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉयच्या स्वागताच्या शोभेसाठी नगरपालिकेने पैसा खर्चावा असा विषय निघाला, तेव्हा तो पैसा गरिबांच्या शिक्षणाकडे लावावा असे म्हणून त्यांनी विरोध केला. स्वागत व्हावयाचे ते झालेच. परंतु खर्चाच्या एका कलमावर एका सभासदाने घेतलेली ती हरकत आज सव्वाशे वर्षांवर होऊन गेली तरी लोक सांगतात.

यानंतरची कलमे कामांची. नाला बांधणे, खडी टाकणे, नळाची वाहिनी बदलणे, दिवाबत्ती, झाडलोट, तैबाजारीचा लिलाव. प्रत्येक कामामागे अंदाजपत्रक, मंजुरी, निविदा, कामाचे मोजमाप आणि मग बिल, अशी साखळी असते. २०१६ पासून मिशन भगीरथ योजनेतून दूरवरचे पाणी गावोगावी आणण्याचे काम झाले. मोठी नळवाहिनी सरकार आणील, पण गावातल्या गल्लीतली तोटी, गळका सांधा आणि नळपट्टी हे पुन्हा मासिक सभेचेच विषय आहेत. पावसाळा तोंडावर आल्यावर मोरीची निविदा मंजूर झाली, तर श्रावणात पाणी घरात शिरणारच. दोष पावसाला देऊन काय उपयोग? तो विषय फाल्गुनातल्या कार्यक्रमपत्रिकेवर यावयास हवा होता आणि तेव्हा तो कोणी मागितला नाही.

शेवटी येतात ऐनवेळचे विषय. ही कलमे आधी छापलेली नसतात, सभेतच टेबलावर येतात. काही खरोखरच तातडीची असतात. काहींना मात्र उजेड सोसत नाही, म्हणून ती अशी उशिरा येतात. आपल्या संस्थेत कोणी ऐनवेळी मोठ्या खर्चाचा विषय आणला तर आपण भुवया उंचावतो. तसाच भुवया उंचावण्याचा हक्क नागरिकालाही आहे.

हे सारे कारकुनी आहे, कागद काय करणार, असे म्हणणारांसाठी मराठी मुलुखातल्याच एका लहान गावाचा दाखला देतो. कोकणातले महाड. १९२३ च्या ऑगस्टमध्ये रावबहादूर बोले यांनी मुंबई विधिमंडळात ठराव मांडला की, सार्वजनिक पाणवठे, विहिरी व धर्मशाळा अस्पृश्य मानलेल्या वर्गांस खुल्या असाव्यात. तो मंजूर झाला. त्याला धरून १९२४ च्या जानेवारीत महाडच्या नगरपालिकेने आपले चवदार तळे सर्वांस खुले केल्याचा ठराव केला. ठराव कागदावर उत्तम होता, पण अंमल झाला नाही. तीन वर्षे तो तसाच पडून राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले, पाणी प्याले आणि पालिकेचा तो ठराव त्यांनी कागदावरून जमिनीवर आणला. त्यानंतर लोकांवर हल्ले झाले आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. पुढे प्रश्न कोर्टात गेला. तळे खाजगी की नगरपालिकेचे, हा वाद दहा वर्षे चालला आणि मार्च १९३७ मध्ये मुंबई हायकोर्टाचा निकाल तळ्यावर हक्क सांगणाऱ्या सनातन्यांच्या विरुद्ध लागला.

बंधुभगिनींनो, या कथेचा महिमा आपण अनेकदा ऐकला आहे. आज तिच्यातल्या दप्तराकडे पाहा. एका लहान गावची पालिका, तिचा एक ठराव, मग त्या ठरावाचे न झालेले पालन, मग तो रद्द करणारा दुसरा ठराव आणि शेवटी तळे कोणाच्या मालकीचे याच्या नोंदी. माणसाच्या पाणी पिण्याचा हक्क या चार कागदांवर लोंबकळत राहिला. ठराव होणे आणि ठराव अमलात येणे यांच्यामध्ये केवढी दरी असते आणि ती लोकांनी स्वतः चालून गेल्याशिवाय भरत नाही, हे महाडने शिकविले.

आता आपल्या घराकडे येऊ. नगरपालिकेच्या सभेत न येणारे, पण तिच्या रोजच्या कामातले सर्वांत जवळचे दप्तर म्हणजे जन्ममृत्यूची नोंदवही. १९६९ च्या कायद्याप्रमाणे जन्म किंवा मृत्यू २१ दिवसांत कळवावा लागतो. त्यानंतर ३० दिवसांपर्यंत विलंबशुल्क भरून नोंद होते, वर्षाच्या आत वरिष्ठांची लेखी परवानगी लागते आणि वर्ष उलटले की दंडाधिकाऱ्याचा हुकूम आणावा लागतो. बारसे व्हावयाचे असेल तर नावाशिवायही जन्माची नोंद करता येते आणि पहिल्या बारा महिन्यांत नाव फुकट घालून मिळते. १ ऑक्टोबर २०२३ पासून सुधारलेला कायदा अमलात आला आहे. त्या दिवसापासून जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत शाळाप्रवेश, मतदारयादी, सरकारी नोकरी, पासपोर्ट अशा पुष्कळ कामांस जन्माचा दाखला हाच जन्मतारखेचा व जन्मस्थळाचा पुरावा धरला जातो.

येथे आपल्या लोकांची एक खास अडचण आहे. आपण आधी मुलाचे नाव, मग वडिलांचे, मग आडनाव लिहितो. तेलुगू रीतीत घरचे नाव आधी आणि माणसाचे नाव मागून येते. समजा, मुलाचे नाव विठ्ठल, वडिलांचे रामराव आणि आडनाव जाधव. एका कागदावर जाधव आधी येते, दुसऱ्यावर रामराव हेच आडनाव ठरते, तिसऱ्यावर वडिलांचे नाव गळूनच जाते. यात कोणाचा दुष्टावा नसतो, दोन रीतींचा घोळ असतो. पण दहावीच्या दाखल्यावर एक नाव, जन्माच्या दाखल्यावर दुसरे आणि शेताच्या कागदावर तिसरे झाले, की विसाव्या वर्षी तो मुलगा कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवू लागतो. नवऱ्याच्या मृत्यूच्या नोंदीत असा फरक राहिला, तर विधवेचे निवृत्तिवेतन आणि वारसाचे काम अडून बसते. हा घोळ नोंदीच्या दिवशीच, खिडकीसमोर उभे राहून, दोन मिनिटांत निस्तरता येतो. नंतर चूक दिसली तर मूळ नोंद तशीच ठेवून समासात दुरुस्ती करण्याची सोय कायद्यात आहे. पण तिच्यासाठी पुरावे गोळा करीत हिंडावे लागते.

पुष्कळ जण म्हणतील, आम्हांस तेलुगू वाचता येत नाही, मग आम्ही काय करणार? या तक्रारीत तथ्य आहे. तेलंगणाची राजभाषा तेलुगू आहे आणि २०१७ च्या कायद्याने उर्दू ही राज्यभर दुसरी राजभाषा झाली आहे. मराठीला तो दर्जा नाही. परंतु भारताच्या घटनेचे ३५० वे कलम सांगते की, गाऱ्हाण्याच्या निवारणासाठी केंद्राच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्यास अर्ज करताना तेथे वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत तो करण्याचा प्रत्येकास हक्क आहे. ज्या १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने नव्या सरहद्दी पक्क्या केल्या, तिनेच लहान मुलांस मातृभाषेतून प्राथमिक शिक्षण मिळावे म्हणून ३५० अ आणि भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी नेमावा म्हणून ३५० ब ही कलमे घातली. सरहद्दीने जे घेतले त्याची थोडी भरपाई त्याच कागदात लिहून ठेवली आहे. हे हक्क वापरले तर राहतात. कुलूप लावून ठेवलेल्या भांड्यांना जसा गंज चढतो, तसा न वापरलेल्या हक्कांनाही चढतो.

तरीही आम्ही स्पष्टच सांगतो. मराठीतून अर्ज करण्याचा हक्क सांभाळावा आणि त्याचबरोबर तेलुगू वाचावयास शिकावे. या दोन गोष्टींत विरोध नाही. आपल्या गावात तेलुगू, उर्दू, गोंडी आणि मराठी या चार भाषा एकाच बाजारात नांदतात. कापसाचा भाव ठरविताना आपला शेतकरी कोणत्याही भाषेत अडत नाही. मग घरपट्टीच्या नोटिशीपाशीच तो का अडावा? खरी गोष्ट अशी की, बाजारात न गेल्यास त्याच दिवशी तोटा होतो आणि सभेकडे पाठ फिरविल्यास तो पाच वर्षांनी कळतो. तोटा उशिरा कळतो म्हणून तो लहान होत नाही.

कोणी असेही म्हणेल की, आम्ही सभासद निवडून दिले आहेत, ते पाहून घेतील. १९९३ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने पालिकांची मुदत पाच वर्षांची केली आणि निदान एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखल्या. २०२० च्या जानेवारीत आदिलाबादेत ४९ वॉर्डांतून सभासद निवडले गेले. २०२५ च्या जानेवारीत ती मुदत संपली आणि कारभार विशेष अधिकाऱ्यांकडे गेला. अशा काळात निवडलेली सभा नसते, पण घरपट्टी असते आणि मोरीही असते. सभासद येतात आणि जातात. नागरिक तेवढा कायमचा सभासद असतो, आणि त्याची खुर्ची त्याने स्वतः रिकामी ठेवली तर तीवर दुसरे कोणी बसवता येत नाही.

म्हणून या महोत्सवी वर्षात आपल्या संस्थेने तीन लहान कामे हाती घ्यावीत अशी आमची विनंती आहे. पहिले, महिन्यातून एक संध्याकाळ संस्थेच्या दिवाणखान्यात नगरपालिकेची कार्यक्रमपत्रिका आणि मागील इतिवृत्त मिळवून ते मराठीत मोठ्याने वाचावे. सरळ मागून प्रत मिळाली नाही तर २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याने अर्ज करावा. त्याचे उत्तर ३० दिवसांत द्यावयाचे असते. दुसरे, एक वही घालावी. तीत डाव्या पानावर ठराव लिहावा आणि उजव्या पानावर त्याचे पुढे काय झाले ते लिहावे. उजवे पान रिकामे राहिले तर सभासदास भेटून नम्रपणे विचारावे. तिसरे, जन्म, मृत्यू आणि घरपट्टी यांचे अर्ज भरण्यास मदत करणारी दोन-तीन तेलुगू जाणणारी तरुण मुले-मुली संस्थेने तयार करावीत. आपल्या शाळा-कॉलेजांतून अशी मुले आता पुष्कळ आहेत. आजोबांना न वाचता येणारी नोटीस नात घडाघडा वाचते. २०१९ च्या कायद्याने प्रत्येक वॉर्डात तरुण, महिला, ज्येष्ठ नागरिक आणि मान्यवर नागरिक यांच्या चार समित्या सांगितल्या आहेत. त्यांत बसावयास लागणारी तयारी या वहीतूनच होईल.

या कामात पक्ष आणू नये. आपली संस्था धर्मादाय आहे आणि तिच्या ओसरीवर सर्वांची चप्पल निघते. मोरी तुंबली की ती एका पक्षाच्या घरासमोर तुंबत नाही. बेला, जैनथ या बाजूच्या खेड्यांतून आलेल्या मंडळींनाही हेच सांगणे आहे. तेथे नगरपालिका नाही, पण ग्रामपंचायत आहे, ग्रामसभा आहे आणि तिची वहीही आहे.

ज्यांनी ही संस्था उभी केली त्यांनी मोठ्या घोषणा केल्याचे आपल्या दप्तरात आढळत नाही. आढळतात त्या पावत्या, सभांच्या नोटिसा आणि सह्या. त्या सह्यांमुळेच आज आपण उत्सव साजरा करीत आहोत. तीच शिस्त आपण ओसरीवरून उतरून गावाच्या कारभारात न्यावी, एवढेच आमचे मागणे आहे. पुढील महिन्यातली संध्याकाळ कोणती धरावी आणि वही कोणाकडे ठेवावी, हे विश्वस्त मंडळींनी आजच ठरवावे आणि ते इतिवृत्तात लिहून घ्यावे.